नाकाची सावली कुठे पडते?

मे महिन्याच्या मध्यावर मुंबई-पुण्यात दरवर्षी एक दिवस असा येतो, की भर दुपारी जमिनीत सरळ रोवलेल्या काठीला सावलीच उरत नाही. पुण्यात तो साधारण १३ मे, मुंबईत १५ मे. खगोलप्रेमी मंडळी आणि शाळकरी मुलं गच्चीवर डबे-बाटल्या मांडून हा शून्य सावलीचा दिवस साजरा करतात. नेमकं त्याच वेळी कुणी मॉडेलला उघड्यावर उभं केलं, तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, नाकाखाली मिशीसारखा डाग, नथ असेल तर ओठावर तिची वेडीवाकडी सावली आणि कपाळ पांढरंफटक, असा चेहरा कॅमेऱ्यात येतो. मग तिनं हात कमरेवर ठेवला काय किंवा केसांतून फिरवला काय, फोटो वाचत नाही.

बाहेरच्या शूटिंगमध्ये बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी मागचं दृश्य निवडायचं, मग मॉडेलला त्यासमोर उभं करून पोज सांगायची आणि सगळं झाल्यावर उजेडाकडे बघायचं. हा क्रम उलटा हवा. आधी ऊन कुठून येतंय ते पाहावं, मग चेहरा कुठे वळवायचा ते ठरवावं, त्या वळणातूनच शरीराची ठेवण सुचते. मागचं दृश्य सर्वांत शेवटी. ज्या कोनातून चेहरा चांगला दिसतो त्या कोनात मागे काहीतरी बरं सापडतंच, निदान साधी भिंत तरी.

यासाठीची चाचणी फुकटातली आहे. मॉडेल येण्याआधी छायाचित्रकारानं स्वतःची मूठ समोर धरावी आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरावं. मुठीच्या उंचवट्यांवर आणि खाचांत ऊन-सावली कशी बदलते ते लगेच दिसतं. चेहऱ्यावर तेच होणार असतं. मॉडेल आली की तिलाही तसंच फिरायला सांगावं आणि नाकाची सावली कुठे पडते तेवढंच पाहावं. ती थेट खाली ओठावर उतरत असेल, तर ऊन फार वरून आहे. कानाच्या दिशेनं आडवी जाऊन अर्धा चेहरा काळा करत असेल, तर फार बाजूनं. ती तिरकी खाली उतरून गालावर छोटीशी थांबली, की बहुतेक चेहऱ्यांना शोभणारा उजेड मिळाला. आणि तिच्या कडा पुसट असतील, तर उजेड मऊ आहे, कुठेही वळलं तरी फारसं बिघडत नाही.

‘दुपारी शूट करूच नये’ हा नियम पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून इतका ठसला आहे, की कुणी तो तपासून पाहत नाही. मे महिन्यात तो शंभर टक्के खरा. पण मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो. स्टुडिओत मुख्य दिवा साधारण याच उंचीवर लावतात. म्हणजे थंडीत दुपारी मॉडेलला दक्षिणेपासून थोडं पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे वळवून उभं केलं, तर गालावर हवी तशी तिरकी सावली मिळते. ऊन कडक असतं, त्वचेवरचा प्रत्येक खडबडीतपणा दाखवतं हे खरं. तरी लग्नसराईतली ठसठशीत साडी, दागिने, रंगवलेली भिंत अशा फोटोंना ते उलट शोभतं.

दुसरा नियम ‘गोल्डन अवर’चा. सूर्य क्षितिजापासून सुमारे सहा अंशांच्या आत असतो तेव्हाचा हा सोनेरी उजेड. लंडनमध्ये ही वेळ मार्चमध्ये चाळीसेक मिनिटं आणि जूनमध्ये पन्नासच्या घरात जाते, कारण तिथे सूर्य बराच तिरका उतरतो. महाराष्ट्रात तो जवळजवळ सरळ खाली येतो आणि हा सगळा खेळ पंचवीस-तीस मिनिटांत आटोपतो. त्यात सूर्य सह्याद्रीच्या एखाद्या धारेआड जाणार असेल, तर पंचांगातल्या सूर्यास्ताच्या किती तरी आधीच दरी सावलीत बुडते. म्हणून मेकअप, कपडे, पहिल्या चार पोज हे सारं ऊन पिवळं व्हायच्या आधी उरकलेलं असावं. छायालेखक नेस्टर अल्मेंद्रोस यांनी ‘डेज ऑफ हेवन’ या १९७८च्या चित्रपटाचा बराचसा भाग सूर्य मावळल्यानंतरच्या उजेडात चित्रित केला आणि त्यांना ऑस्करही मिळालं. ज्याला सगळे जादूचा तास म्हणतात तो जास्तीत जास्त पंचवीस मिनिटांचा असतो, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. अख्खं युनिट दिवसभर तयारी करून त्या तेवढ्या वेळाची वाट पाहत बसायचं.

वेळेचा हिशेब गावागणिक बदलतो, हेही विसरलं जातं. नागपूर मुंबईच्या सहा अंशांहून अधिक पूर्वेला आहे, त्यामुळे तिथला दिवस सरासरी पंचवीस मिनिटं आधी मावळतो. मुंबईच्या सवयीनं विदर्भात शूट ठरवणाऱ्याचा निम्माअधिक उजेड प्रवासातच जातो. शिवाय सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. जूनमध्ये तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेला बुडतो. डिसेंबरमध्ये ज्या गल्लीत संध्याकाळचं ऊन सरळ आत शिरतं, तीच गल्ली जूनमध्ये कोरडी राहते. ‘सन सर्व्हेअर’ किंवा ‘फोटोपिल्स’सारखी ॲप कोणत्या तारखेला ऊन कुठून येईल ते आधीच दाखवतात. पण ॲपला समोरची नवी इमारत ठाऊक नसते. आदल्या दिवशी त्याच वेळी एक चक्कर मारावीच.

कोकण किनाऱ्यावर या सगळ्यात वाऱ्याची भर पडते, आणि तिथे भूगोलाचं शाळेतलं पुस्तक उपयोगी पडतं. दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे. किनारा पश्चिमाभिमुख. त्यामुळे संध्याकाळी मॉडेल समुद्राकडे तोंड करून उभी राहिली, की ऊन चेहऱ्यावर येतं आणि वारा केस मागे नेतो. दोन्ही कामं आपोआप होतात. पण सगळ्यांना हवा असतो मावळता सूर्य पाठीमागे. तसं उभं केलं, की वारा मागून येतो आणि केस, पदर, ओढणी सगळं तोंडावर. उपाय साधा आहे. पाठ पूर्ण समुद्राकडे न करता मॉडेलला किनाऱ्याला समांतर चालायला लावावं. मग वारा एका कुशीवरून येतो, पदर एका बाजूला उडतो आणि केसांच्या कडेला सोनेरी रेघही मिळते. सकाळी याच किनाऱ्यावर वेगळं चित्र असतं. सूर्य डोंगरामागे किंवा माडांमागे, वाळूवर लांबवर सावली, वारा मंद. कोवळ्या चेहऱ्यांना, पांढऱ्या कपड्यांना आणि एकांत हवा असलेल्या मॉडेलला ही वेळ संध्याकाळपेक्षा कितीतरी बरी. गर्दी नसते, हा फायदा वेगळाच.

वर्षातले निदान आठ महिने महाराष्ट्रात ऊन टाळण्याचीच वेळ अधिक येते. अशा वेळी झाडाखाली पळायची सवय असते, ती मोडायला हवी. झाडाखाली पानांतून कवडसे पडतात. त्यांतला एक नेमका नाकावर आणि दुसरा हनुवटीवर बसतो. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो आणि त्यामुळे त्वचा आजारी दिसते. त्यापेक्षा छप्पर असलेली, पण समोरून उघडी जागा शोधावी. जुन्या वाड्याची ओसरी, देवळाचा सभामंडप, बाजारपेठेतल्या दुकानाची पडवी, फ्लायओव्हरची कड, गॅरेजचं उघडं शटर. छप्परामुळे वरचा उजेड अडतो आणि समोरच्या आकाशाचा, अंगणाचा, भिंतीचा मऊ उजेड आडवा येऊन डोळ्यांत उतरतो. मॉडेल सावलीच्या कडेपासून हातभर आत असावी. आणखी चार पावलं मागे गेली की डोळ्यांतला उजेडाचा ठिपका विझतो आणि चेहरा मवाळ, निस्तेज होतो.

छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडॉन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात खाणकामगार, भटके, खाटीक, शाळकरी पोरं यांचे फोटो काढले, ते सगळे याच तत्त्वावर. इमारतीच्या सावलीत पांढरा कागद ताणायचा, त्यासमोर माणूस उभा करायचा. ऊन कुठेही थेट नाही, दिवा एकही नाही. तरी त्या चेहऱ्यांची एकेक सुरकुती बोलते. ज्यांना ‘सावलीत फोटो फिका येतो’ असं वाटतं, त्यांनी ही छायाचित्रं एकदा शोधून पाहावीत.

सावलीतला उजेड निळसर असतो, कारण तो बराचसा आकाशातून येतो. थेट दुपारचं ऊन साधारण ५२०० ते ५५०० केल्व्हिनचं, तर सावलीतला उजेड सात-आठ हजारांचा. कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स ‘शेड’वर ठेवलं किंवा रॉ फाइल काढली, तर हा रंग नंतर सावरता येतो. भिंतीचा आणि जमिनीचा रंग सावरणं मात्र अवघड. कोकणात जांभ्या दगडाच्या तांबूस अंगणात उभ्या असलेल्या मॉडेलच्या हनुवटीखाली लालसर झाक येते, हिरवळीवर हिरवी. उलट चुन्यानं रंगवलेली पांढरी भिंत उन्हात तळपत असेल आणि मॉडेल तिच्यासमोरच्या सावलीत असेल, तर हजारो रुपयांचा दिवा आणल्यासारखं काम होतं.

ही युक्ती नवी नाही. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) छायालेखक सुब्रत मित्र यांना स्टुडिओत बनारसच्या घराचा चौक उभारून त्यात आकाशाचा मऊ उजेड हवा होता. त्यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत त्यावर टाकून तो परतवला. रस्त्यावर हेच काम ‘फाइव्ह-इन-वन’ रिफ्लेक्टर करतो, नाहीतर थर्माकोलचा जाड पत्रा, नाहीतर धुतलेली पांढरी चादर. चंदेरी बाजू दुरून आणि थोडीच वापरावी, ती डोळे दिपवते. सोनेरी बाजू गव्हाळ त्वचेला चटकन पिवळी करते, म्हणून तिच्यापासून सांभाळून. पांढरी बाजू चेहऱ्याजवळ आणून कमरेच्या किंचित वर धरावी, अगदी खालून नाही, नाहीतर तोंड भुताटकीच्या सिनेमातलं दिसतं. रिफ्लेक्टर धरणारा माणूस मात्र पक्का हवा. किनाऱ्यावर तो हातातून निसटला, की थेट लाटांत जातो.

आता एक्सपोजर. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी असल्याचं गृहीत धरतो. मागे चमचमता समुद्र असला की तो चेहरा काळा करतो. अशा वेळी एक ते दीड स्टॉप वाढवावं. मागे सह्याद्रीचा काळा पाषाण असला की चेहरा उडवतो, तिथे थोडं कमी करावं. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं, की फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच थांबतात. मग शेजारची पट्टी खाली-वर करून जुळवता येतं. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ १६ असेल तर शटर सुमारे १/१०० हा जुना हिशेब अजूनही चालतो. त्याच हिशेबानं एफ २.८ ला १/३२०० लागतं आणि एफ १.८ ला १/८००० च्या आसपास. बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर १/४००० वर थांबतं. मागचं धूसर हवं असेल तर सावली शोधा किंवा उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा, असा याचा सरळ अर्थ.

सावळ्या त्वचेबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. कोडॅकच्या काळात प्रयोगशाळांमध्ये रंग जुळवण्यासाठी गोऱ्या मॉडेलचं ‘शर्ली कार्ड’ प्रमाण धरलं जायचं. ती फिल्म गेली, कार्ड गेलं, तरी सावळ्या मुलीचा फोटो उजळवून पिठूर करायची खोड आपल्याकडे गेलेली नाही. सावळी त्वचा उजेड वाढवून खुलत नाही, ती चमकेवर खुलते. मोठ्या, मऊ उजेडाचा पट्टा गालाच्या हाडावर, खांद्यावर, मानेच्या बाजूला पडू द्यावा. पावसाळ्यातलं ढगाळ आकाश त्यासाठी अव्वल. फक्त फोटोत ते पांढरं आकाश येऊ देऊ नये. ओला काळा दगड, हिरवी शेवाळलेली भिंत, भिजलेला रस्ता पाठीमागे घ्यावा.

पोजचा विषय निघाला की मोबाइलवर साठवलेले शे-दीडशे फोटो बाहेर निघतात. ते नुसते नकलण्यापेक्षा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहावा. मान एका बाजूला, कंबर दुसऱ्या, गुडघा पुन्हा पहिल्या. शरीराला तीन ठिकाणी दिलेला हा त्रिभंग आजही जगातल्या कुठल्याही फॅशन मासिकात सापडतो. त्याची किल्ली वजनात आहे. सगळं वजन कॅमेऱ्यापासून दूरच्या पायावर टाकलं, की जवळचा गुडघा आपोआप सैलावतो, कंबर सरकते, खांदे तिरपे होतात. दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून उभा राहिलेला माणूस ओळखपत्राच्या फोटोतलाच दिसतो. ‘कंबर वाकवा’ असं सांगितलं तर मॉडेल ताठ होते. ‘डाव्या पायावर रेलून उभ्या राहा’ म्हटलं की काम होतं.

हनुवटीचंही तसंच. पुढे काढून किंचित खाली घेतली, की जबड्याची रेघ सुटते. सांगितल्यावर हे विचित्र वाटतं, फोटोत छान दिसतं. पण इथे पुन्हा उन्हाकडे पाहावं लागतं. सूर्य वर असेल तेव्हा हनुवटी थोडी वर हवी, म्हणजे डोळ्यांत उजेड पोचतो. तो खाली असेल तेव्हाच खाली घेता येते. भरीव चेहरा निमुळता दिसायला हवा असेल, तर कॅमेऱ्याकडचा गाल सावलीत आणि पलीकडचा उजेडात ठेवावा. चेहरा वळवताना नाकाचं टोक पलीकडच्या गालाच्या रेघेबाहेर गेलं, की नाक मोठं दिसतं. थोडं अलीकडे थांबावं, नाहीतर सरळ पूर्ण बाजूचा चेहरा घ्यावा. आणि फोनच्या साध्या लेन्सनं हातभर अंतरावरून चेहरा काढू नये. दोन मीटर मागे जाऊन दोनपट झूम वापरावा. कॅमेऱ्यावर ८५ ते १३५ मिलिमीटरच्या लेन्स लावायचं कारणही तेच आहे, त्या छायाचित्रकाराला मागे उभं राहायला लावतात.

हात हा सगळ्यांचाच घोळ. मोकळे सोडले तर लोंबतात, बांधले तर पोलिसात नोंद करायला आल्यासारखे दिसतात. त्यांना काम द्यावं. पदराचं टोक, गजरा, छत्रीची मूठ, पायरीवरचा दगड, सायकलचं हँडल. पंजाची पूर्ण पाठ किंवा तळवा कॅमेऱ्यासमोर न येता कड यावी. कोपर आणि कंबर यांच्यामध्ये उजेडाची फट राहावी, नाहीतर दंड रुंद दिसतो. साडीत त्याहून जास्त लक्ष लागतं. सहावारीत लांब पाऊल टाकता येत नाही. एक पाऊल दुसऱ्यासमोर टाकून चाललं की निऱ्या सरळ पडतात. नऊवारीत काष्ट्यामुळे पाय मोकळे, तिथे पायऱ्या चढणं, उकिडवं बसणं, धावणंही शोभतं. पैठणीच्या जरीला तिरकं, खालचं ऊन हवं. सावलीत ती विझते आणि भर दुपारी तिचे नुसते पांढरे ठिपके होतात. पदराचा मोर दिसायलाच हवा असेल, तर तो हात सूर्याकडच्या बाजूला आणावा.

स्थिर पोजचा कंटाळा आला तर चालायला सांगावं. हार्पर्स बझारच्या डिसेंबर १९३३च्या अंकासाठी छायाचित्रकार मार्टिन मुन्काची यांनी लाँग आयलंडच्या थंडगार किनाऱ्यावर ल्युसिल ब्रोकॉ हिला पोहण्याच्या वेशात, अंगावर केप घेऊन कॅमेऱ्याच्या दिशेनं धावायला लावलं. तोवर फॅशनचे फोटो म्हणजे स्टुडिओतले ताठ पुतळे. त्या एका धावण्यानं मासिकांची चाल बदलली. आपल्याकडे जवळपास त्याच सुमारास छायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईत जे. जे. स्कूलमधल्या मैत्रिणींना बाहेर नेऊन फोटो काढत होत्या. रेहाना मोगल ही त्यांची वर्गमैत्रीण त्यांतल्या कित्येक फोटोंत आहे. ती बसलेली, रेललेली, स्वतःतच रमलेली दिसते, पण पोज दिल्यासारखी नाही. ओळखीच्या माणसासमोर शरीर सैल राहतं, हे त्यातून सहज समजतं. चालत्या मॉडेलसाठी शटर १/५०० ठेवावं, गिरकीसाठी आणि केस झटकण्यासाठी १/१०००. पाय जमिनीवर टेकण्याच्या क्षणाऐवजी उचलला जाताना बटण दाबावं.

मॉडेलशी बोलताना शब्दांपेक्षा नक्कल कामाची. छायाचित्रकारानं स्वतः ती पोज करून दाखवावी, तिनं आरशासारखी उलटी करावी. अंगाला हात लावून खांदा वळवायचा नाही. बट सरळ करायचीच असेल तर विचारून, नाहीतर मेकअप करणाऱ्या मुलीला सांगून. डोळे उन्हानं मिचमिचत असतील तर मिटून ठेवायला सांगावेत, तीन अंक मोजावेत आणि उघडताच फोटो घ्यावा. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोनचार फोटो तिला दाखवावेत, पण फक्त बरे आलेले. कपडे बदलायला जागा कुठे, पाणी किती, सोबत कोण, फोटो कुठे छापले जाणार आणि कोणते छापायचे नाहीत, हे शूटच्या आधी लेखी ठरलेलं असावं. नवख्या मुलींशी तर विशेषच.

शेवटची अडचण जागेची. वसईचा किल्ला, शनिवारवाडा किंवा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं कोणतंही स्मारक असेल तर हातातल्या कॅमेऱ्यानं फोटो काढणं वेगळं आणि ट्रायपॉड लावून, कपडे बदलत शूट करणं वेगळं. त्याला आगाऊ परवानगी लागते आणि ती एका दिवसात मिळत नाही. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत जायचं असेल तर नेमलेल्या वाटेवरूनच. फुलांत बसलेल्या मॉडेलचा फोटो काढायला ती फुलं आधी चिरडावी लागतात. तोच फोटो वाटेच्या कडेला बसवून, कॅमेरा जमिनीलगत धरून, पुढची फुलं लेन्सच्या अगदी जवळ घेऊन काढला, तर ती फुलांत बुडाल्यासारखीच दिसते.